वर्गाचं पान आणि घरचे वाचक

शाळा-पालक शंकासमाधान

गेल्या अंकात आम्ही वर्गाचा ब्लॉग, पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आणि पालकसभा यांबद्दल प्रश्न मागवले होते. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

चौथीच्या वर्गात ३४ मुलं आहेत. जूनमध्ये हौसेनं ब्लॉग सुरू केला. परिपत्रकं, जयंत्यांचे फोटो, रोजचा सुविचार असं सगळं टाकते. भेटींचा आकडा दिवसाला चार-पाच, त्यातही बहुतेक माझ्याच असाव्यात. पालक वाचतच नाहीत. काय चुकतंय?
(प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा)

आधी आकडा खरा करून घ्या. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेत आकडेवारीच्या पानावर स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय आहे. ज्या ज्या फोनवरून किंवा संगणकावरून तुम्ही पान उघडता, तिथे ती वेगवेगळी चालू करावी लागते.

आता मूळ दुखणं. तुम्ही जे टाकता ते केंद्रप्रमुखांनी पाहावं असं आहे, पालकांनी वाचावं असं त्यात काही नाही. परिपत्रक त्यांना गटावर आधीच मिळालेलं असतं. जयंतीच्या फोटोत पाहुणे मधोमध, हार भलामोठा आणि मुलांचे चेहरे मोहरीएवढे. सुविचार फळ्यावर असतोच. आईबाप पान उघडतात ते आपल्या पोरानं काय केलंय ते बघायला. दोन-तीनदा ते दिसलं नाही की चौथ्यांदा कुणी तिकडे फिरकत नाही.

म्हणून पाळी लावा. दर आठवड्याला सहा मुलं, म्हणजे सहा आठवड्यांत ३४ जणांची एक फेरी पुरी होऊन दोन जागा उरतात. त्या आजारपणात हुकलेल्यांना द्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दोन फेऱ्या आरामात बसतात. पाळीचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावा आणि त्याचा फोटो जूनमध्येच पालकांना पाठवा. आपल्या मुलाचा आठवडा कोणता हे घरात माहीत असलं, की त्या आठवड्यात पान उघडलं जातंच. हुशार मुलांचंच काम झळकत राहिलं तर उरलेली पंचवीस घरं वाचक म्हणून कायमची गेली असं समजा.

प्रत्येक मुलाचं एकच काम घ्या: वहीतलं एक पान, एक चित्र, पाच ओळी किंवा अर्ध्या मिनिटाचं वाचन. सोमवारी मुलानं स्वतः निवडायचं, बुधवारी तुमच्याबरोबर बसून एकदा नीट करायचं, शुक्रवारी शेवटच्या तासाला चढवायचं. सरावल्यावर सहा कामांना पाऊण तास लागतो. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर तुम्ही सजावट करताय. ती सोडा.

वहीच्या पानाचा फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, वही जमिनीवर सपाट ठेवून बरोबर वरून काढा. दिव्याखाली काढलात तर तुमच्या हाताची आणि फोनची सावली नेमकी अक्षरांवर पडते. कडा कापा आणि रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास आणा. अक्षर स्वच्छ वाचता येतं आणि फाइल दोन-तीनशे केबीत बसते. मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे सहा फोटो एका पानावर घातले की साध्या फोनवर नुसतं गोल गोल फिरत राहतं, आणि पालक तेवढा वेळ थांबत नाहीत.

शुद्धलेखनाच्या चुका ठेवाव्यात का, असं अनेकांनी विचारलंय. वहीच्या फोटोत मुलाचं लिहिणं जसंच्या तसं राहू द्या. टाइप केलेला मजकूर मात्र मुलाबरोबर बसून दुरुस्त करूनच टाका. छापल्यासारख्या दिसणाऱ्या अक्षरांतली चूक गावात चेष्टेचा विषय होते आणि ती चेष्टा मुलाच्या वाट्याला येते. गुण, क्रमांक, श्रेणी पानावर कधीच नकोत. वर्णनात्मक नोंदीही तुमच्या नोंदवहीतच बऱ्या.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट: प्रत्येक पानाखाली ‘घरी विचारा’ म्हणून एक ओळ द्या. ‘आज शाळेत काय शिकलास?’ या प्रश्नाला जगातली सगळी मुलं ‘काही नाही’ हेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘अर्धा किलो साखरेत किती पेले भरले?’, ‘घरात काटकोन कुठे कुठे सापडतात, दाखव बरं’, ‘तुमच्या गटानं मोजलेल्या चिंचेचा घेर किती भरला?’ असं काहीतरी नेमकं द्या. ज्या आईला वाचता येत नाही तिलाही शेजारच्या पोरीनं ही ओळ वाचून दाखवली तर पुरते. पानाचं खरं काम रात्री जेवताना होतं, पडद्यावर नाही.

मुलांचं लिहिणं घरी आणि दुसऱ्या शाळेत पाठवण्याची कल्पना इंटरनेटची नव्हे. फ्रान्समधल्या बार-सुर-लू गावात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकानं १९२४ साली वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलं स्वतःचा मजकूर स्वतः जुळवून छापत आणि ते कागद दुसऱ्या शाळेतल्या मुलांकडे जात. आपल्याकडची शाळेची हस्तलिखितं त्याच जातीची. फरक इतकाच की आपलं हस्तलिखित वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात निघतं आणि मग कपाटात जातं.

मुलांचे फोटो टाकावेत की नाही? काही पालक नाराज होतात, काही ‘आमच्याच मुलाचा फोटो का नाही’ म्हणून भांडतात.
(मुख्याध्यापक, पुणे)

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची, खरोखर त्यांचीच आहे हे पडताळता येईल अशी संमती लागते. तेव्हा ‘सगळ्या शाळा टाकतात’ या उत्तरावर विसंबू नका.

जूनच्या पालकसभेत एक पानी संमतिपत्र द्या, पण एकच सही घेऊ नका. चार वेगळ्या चौकटी ठेवा: मुलाचं काम, पहिलं नाव, आवाज, चेहरा दिसणारा फोटो. अनेक पालक पहिल्या तिन्हींना हो म्हणतात आणि चौथीला नाही. सरसकट एकच सही मागितलीत तर हेच पालक सगळ्यालाच नाही म्हणतात. पत्रक सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. अंगठा देणाऱ्यांना काय लिहिलंय ते कळलंच पाहिजे. गेटवर, रिक्षा थांबलेली असताना घेतलेली सही ही संमती नव्हे. एक गोष्ट तिथेच स्पष्ट सांगा: नंतर नकार दिलात तर पानावरून आम्ही काढू, पण तोवर कुणी फोटो गटागटांत पुढे पाठवला असेल तर तो परत आणता येणार नाही.

आमचा सल्ला विचाराल तर चेहरे टाकूच नका. हात, वही, मातीकाम, पाठमोरी रांग, वाकून वाफ्यात रोप लावणारी मुलं, यांतून वर्ग चेहऱ्यांच्या फोटोपेक्षा जास्त कळतो. असं केलंत की नकार देणाऱ्या घरचं मूल बाजूला काढावं लागत नाही आणि भांडणाचं मूळही संपतं. नाव पहिलंच द्या, आडनाव नको. ओळखपत्र, गणवेशावरचा बिल्ला, स्कूलबसचा क्रमांक, वाढदिवसाची तारीख, फळ्यावरची हजेरी यांपैकी काही फोटोत डोकावतंय का, ते चढवण्याआधी कडांपर्यंत बघा. सगळ्यात जास्त चुका मागच्या फळ्यामुळे होतात.

ब्लॉग खासगी करता येतो, पण मग प्रत्येक वाचकाला ईमेलनं निमंत्रण द्यावं लागतं आणि सदस्यांची मर्यादा शंभर आहे. शहरी शाळेत हे जमतं. गावात बहुतेकांच्या फोनमध्ये गूगल खातं असतं, पण ते दुकानदारानं उघडून दिलेलं; पत्ता कुणाला आठवत नाही. तिथे पान खुलं ठेवून सेटिंगमध्ये शोधयंत्रांना न दिसण्याची निवड करा. एवढं लक्षात असू द्या की हे कुलूप नाही, दार नुसतं लोटून घेतलंय. दुवा ज्याच्या हाती तो आत येतो. म्हणूनच चेहऱ्यांचा नियम पाळायचा.

प्रतिक्रिया चालू ठेवल्या तर सहावीची मुलं ‘भारी’, ‘एक नंबर’ एवढंच लिहितात. एकदा एका मुलीला चिडवणारी ओळही आली.
(विषयशिक्षक, नाशिक जिल्हा)

सेटिंगमध्ये प्रतिक्रिया ‘नेहमी’ तपासूनच प्रसिद्ध होतील असं करा. चिडवणारी ओळ मग तुमच्यापर्यंतच येते. त्या मुलाशी वर्गाबाहेर, एकट्याशी बोला. पानावर खुलासा छापू नका.

सहावीतल्या बऱ्याच मुलांना १३ वर्षं पुरी झालेली नसतात, म्हणजे स्वतःचं गूगल खातं त्यांना सहसा उघडता येत नाही. ती ताईच्या किंवा मामाच्या खात्यावरून लिहितात आणि कोण बोलतंय तेच कळत नाही. वर्गात चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. वाचलेल्या मजकुरातली एक गोष्ट नेमकी सांगायची आणि एक प्रश्न विचारायचा, एवढा नियम. ‘विहिरीचं पाणी हिरवं का झालं ते तू लिहिलंस. मग ते गुरांना पाजता का?’ ही प्रतिक्रिया झाली. नुसतं ‘भारी’ वर्गात तोंडानं म्हणावं. निवडक चार-पाच चिठ्ठ्या तुम्ही टाइप करा, आणि ज्याचं लिखाण आहे त्यानं आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं.

पालकांना मात्र खातं नसतानाही लिहिता आलं पाहिजे, म्हणून ‘कुणीही’ हा पर्याय ठेवा. तपासणी असल्यानं धोका नाही. शेवटी नाव लिहायला सांगा, नाहीतर ‘अनामिक’ म्हणून आलेल्या आजोबांना नातू ओळखत नाही. प्रतिक्रियेतून तक्रार आली तर ती प्रसिद्ध करू नका आणि दाबूनही ठेवू नका. त्याच दिवशी फोन करा.

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे ना, मग वेगळं पान कशाला? (तसा त्या गटाचाही वैताग आलाय. रात्री साडेदहाला गृहपाठावरून वाद.)
(शिक्षिका, ठाणे)

गटावरचा निरोप संध्याकाळपर्यंत वर सरकून जातो. ‘उद्या कात्री आणि जुनं वर्तमानपत्र आणावे’ यासाठी तो ठीक. मुलानं सहा आठवड्यांपूर्वी काय लिहिलं आणि आज काय लिहितोय हे शेजारी ठेवून बघायला गट कामाचा नाही.

वैतागावर उपाय सेटिंगमध्येच आहे. फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतील असं करा. त्याहून बरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘कम्युनिटी’ सोयीतला घोषणांचा गट: तिथे पालकांना एकमेकांचे फोन नंबर दिसत नाहीत. आयांच्या नंबरवर नको ते निरोप येण्याच्या तक्रारी तिथे आपोआप थांबतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. ‘मला मिळालंच नाही’ म्हणणारे पालक दरवेळी खोटं बोलत नसतात.

निरोप चार ओळींत, रोज ठरलेल्या वेळी, समजा साडेपाच ते साडेसहा. एका मुलाची गोष्ट गटावर कधीच नाही: गैरहजेरी, थकलेली फी, उवा, काहीही असो. आणि पान असो वा गट, त्यामुळे सभा टळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात पालकांच्या नियमित सभा घेऊन उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय.

आमच्या वर्गातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर जातात. या पालकांपर्यंत पोचायचं कसं? ब्लॉग वगैरे आमच्यासाठी नाहीच का?
(जिल्हा परिषद शिक्षक, बीड जिल्हा)

या घरांना दुव्याचा उपयोग नाही, आवाजाचा आहे.

तयारी दसऱ्याआधी करावी लागते. प्रत्येक घरचे दोन नंबर घ्या, एक आईचा किंवा बापाचा आणि एक त्याच टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा. शिवाय कारखान्याचं नाव, तालुका आणि मुकादमाचं नाव. हंगामात रिचार्ज संपतं, सिम बदलतं, फोन पाण्यात पडतो. दुसरा नंबर नसेल तर डिसेंबरात धागा तुटतो तो एप्रिलपर्यंत.

जी मुलं गावात राहतात त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा. त्यात तुम्ही बोलायचं नाही. मुलानं स्वतः लिहिलेल्या पाच ओळी वाचायच्या आणि शेवटी आईला एक प्रश्न विचारायचा. फोन तोंडापासून वीतभर लांब, खोलीचा पंखा बंद. आवाजी निरोप अगदी हलका असतो आणि फडातल्या मरतुकड्या नेटवर्कवरही उतरतो. व्हिडिओ उतरत नाही. उत्तराची घाई करू नका. गाडी भरायला रात्री-अपरात्री जावं लागतं, दोन दिवसांनी कधीतरी पहाटे उत्तर येतं. आलेलं उत्तर मुलाला एकट्याला ऐकवा. वर्गासमोर स्पीकरवर लावलंत तर मूल रडतं, आणि पुढच्या वेळी बोलायला तयार होत नाही.

बरोबर जाणाऱ्या मुलांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक देताच, त्याबरोबर वर्गाच्या पानाची छापील प्रत द्या. ए-फोर आकाराचे दोन कागद मधोमध दुमडले की आठ पानांची पुस्तिका होते. सहा पानांवर वर्गमित्रांचं लिखाण, दोन कोरी. कोऱ्या पानांवर काय लिहायचं ते नेमकं सांगा: एका मोळीत साधारण किती ऊस बसतात, गाडीत किती मोळ्या, कोपी (राहायची झोपडी) बांधायला काय काय लागलं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) कुणाला आणि काय भावानं विकलं. परतल्यावर हे वर्गात गणिताला लागतं, आणि इथे ते मूल बाकीच्यांना शिकवतं. ‘माझे कष्टाळू आईवडील’ असा निबंध मात्र लिहून घेऊ नका. मुलांना आपली कीव केलेली लगेच कळते.

हे लिखाण पानावर टाकताना एक पथ्य: कुणाची घरं बंद आहेत, कोणतं मूल म्हाताऱ्या आजीजवळ एकटं आहे, हे त्यातून कळता कामा नये. असा मजकूर हंगाम संपून माणसं गावात परतल्यावरच टाका.

मुलीच्या बाईंचं पान मी नियमित वाचतो. तिला काय म्हणावं ते कळत नाही. ‘छान’ म्हटलं की ती निघून जाते.
(पालक, नागपूर)

चूक दाखवण्यापासून सुरुवात करू नका आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाचं पान तिच्यासमोर उघडू नका. तिनं लिहिलेलं तिला तुमच्यासाठी मोठ्यानं वाचायला सांगा, आणि तुम्हाला खरंच न कळलेलं एक काहीतरी विचारा. एवढंच.

क्यूआर कोड छापून सगळ्यांच्या वह्यांना चिकटवले. तीन महिन्यांनी उघडेनासे झाले.
(शिक्षक, कोल्हापूर)

तुम्ही बहुधा एखाद्या फुकट संकेतस्थळावर ‘डायनॅमिक’ कोड केला असावा. तो आधी त्या संकेतस्थळावर जातो आणि तिथून तुमच्या पानावर. फुकटाची मुदत संपली की मधला टप्पा बंद. ‘स्टॅटिक’ कोड करा, त्यात तुमचा पत्ता थेट गुंफलेला असतो आणि तो संपत नाही. फोनवरच्या क्रोममध्ये पान उघडून ‘शेअर’मध्येही असा कोड मिळतो. अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका, भोवती पांढरी कड सोडा आणि चकचकीत चिकटपट्टीनं झाकू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा चकतो. खाली पत्ता अक्षरांतही छापा.

याच पत्रात विचारलंय की जुन्या प्रश्नपत्रिकांमधला मजकूर पानावर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी का दिसते. तो मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, किंवा छापील पान समोर ठेवून फोनच्या मराठी कीबोर्डवर बोलून टाइप करा. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं तेवढी तपासावी लागतात.

तीन वर्षं चालवलेलं पान बदली झाल्यावर बंद पडलं. नव्या गुरुजींना त्यात शिरताच येईना.
(शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, रायगड जिल्हा)

पान आधीच्या शिक्षकांच्या खासगी खात्यावर असणार. त्यांना फोन करा. सेटिंगमध्ये लेखक म्हणून शाळेच्या खात्याला निमंत्रण पाठवायला सांगा, ते स्वीकारलं की त्या खात्याला अ‍ॅडमिन करायला सांगा आणि मगच त्यांनी स्वतःचं नाव काढायचं. हा क्रम उलटा करू नका.

नवं सुरू करताना खातं शाळेच्या नावानं उघडा, दोन अ‍ॅडमिन ठेवा आणि खात्याला जोडलेला फोन नंबर बदलीबरोबर जाणारा नसावा. सांकेतिक शब्द बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात. दर एप्रिलमध्ये सेटिंगमधून पानाची प्रत उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये मजकूर आणि प्रतिक्रिया येतात, पण फोटोंचे नुसते दुवे असतात. मूळ फोटो पेनड्राइव्हवर वेगळे ठेवावे लागतात. आणि वर्षभराची पानं एकदा छापून, शिवून, शाळेच्या वाचनालयात हस्तलिखितांच्या शेजारी ठेवा. पुढच्या वर्षीची मुलं पहिल्यांदा तेच उघडतात.